गोलंदाज बाळू पालवणकर

इ. स. १९११ च्या उन्हाळ्यात लंडन शहर शृंगारले जात होते. बादशहा पंचम जॉर्ज यांचा राज्याभिषेक जून महिन्यात व्हावयाचा होता आणि त्यासाठी साम्राज्याच्या कानाकोपऱ्यांतून राजेरजवाडे, सेनानी व प्रतिष्ठित नागरिक तेथे गोळा होत होते. याच सुमारास हिंदुस्थानातून खेळाडूंचा एक लहानसा जथाही बोटीने इंग्लंडला पोहोचला. यापूर्वी पारशी समाजाचे संघ तेथे क्रिकेट खेळून आले होते. परंतु हिंदू, मुसलमान, पारशी व शीख असे सर्व मिळून अखिल हिंदुस्थानचा म्हणून जो पहिला संघ परदेशी गेला, तो हाच. त्या संघाची कामगिरी मात्र फारशी उजळ झाली नाही. तो एकंदर तेवीस सामने खेळला. त्यांपैकी सहा जिंकले, दोन अनिर्णित राहिले आणि तब्बल पंधरा गमावले. अशा पराभूत संघात कोणाचे नाव लक्षात राहावे, असे सहसा घडत नाही. तथापि या संघातील एका गोलंदाजाने तेवीस सामन्यांत एकशे चौदा बळी घेतले, आणि इंग्लंडातील नामांकित फलंदाजांना त्याच्या डाव्या हाताची धास्ती वाटू लागली. त्या गोलंदाजाचे नाव बाळू पालवणकर. त्या वेळी त्यांचे वय पस्तीस होते आणि परदेशाच्या भूमीवर ते प्रथमच खेळत होते.

पालवणकरांचे मूळ गाव कोकणातील पालवण. बाळूचा जन्म मात्र १८७६ साली धारवाड येथे झाला. त्याचे वडील लष्करात नोकरीस होते. त्या नोकरीच्या निमित्ताने हे कुटुंब पुण्यास येऊन राहिले. घराणे चर्मकार समाजातले. चामडे कमावणे व त्याच्या वस्तू करणे हा या समाजाचा पिढीजात धंदा. आणि ज्या चामड्यावाचून कोणाचेही पाऊल पुढे पडत नव्हते, ते कमावणाऱ्या हातांना मात्र शिवण्यास त्या काळचा उच्चवर्णीय समाज तयार नव्हता. देऊळ, पाणवठा, शाळा अशा प्रत्येक ठिकाणी या समाजाला दाराबाहेर उभे राहावे लागे. लष्करातील नोकरीमुळे पालवणकरांच्या घरी निदान चार अक्षरे व नियमित पगार आला, एवढाच काय तो आधार.

पुण्याच्या लष्करी छावणीत गोरे अंमलदार संध्याकाळी क्रिकेट खेळत. जुन्या झालेल्या बॅटी, शिवण उसवलेले चेंडू ते टाकून देत. हे टाकलेले सामान बाळू व त्याचा धाकटा भाऊ शिवराम यांच्या हाती पडले आणि मोकळ्या जागेत त्यांचा खेळ सुरू झाला. पुढे गणपत आणि विठ्ठल हे दोघे भाऊही त्यांच्यात सामील झाले. एकाच घरातील चार भाऊ पुढे नामवंत खेळाडू व्हावेत, ही गोष्ट कोठल्याही देशात विरळाच.

शाळा लवकरच सुटली. घरच्या संसाराला हातभार लावण्यासाठी बाळू पुण्यातील पारशी गृहस्थांच्या एका क्रिकेट क्लबात कामाला लागला. मैदान झाडावयाचे, खेळपट्टीवर रूळ फिरवावयाचा आणि सवड मिळेल तेव्हा सभासदांना चेंडू टाकावयाचे, हे त्याचे काम. पगार दरमहा तीन रुपये. १८९२ च्या सुमारास तो गोऱ्यांच्या पूना क्लबात गेला. तेथे चार रुपये मिळू लागले. कामाचे स्वरूप तेच, किंबहुना थोडे अधिकच. खेळपट्टी तयार करणे, तिच्यावर चुन्याच्या रेघा मारणे, सरावाची जाळी उभारणे, टेनिसची मैदाने आखणे, हे सर्व त्यानेच करावयाचे. एके दिवशी तेथील एका गोऱ्या सभासदाने त्याला सरावासाठी चेंडू टाकावयास सांगितले आणि रूळ ओढणाऱ्या या मुलाच्या बोटांत काय दडले आहे, ते पाहणारांच्या ध्यानात आले.

त्या क्लबात कॅप्टन ग्रेग नावाचा एक अंमलदार होता. शरीराने लहानखुरा, पण हिंदुस्थानात खेळणाऱ्या गोऱ्या फलंदाजांत अव्वल दर्जाचा. इंग्लंडात तो हँपशायर परगण्याकडूनही खेळे. इतर सभासद येण्याच्या तासभर आधी तो मैदानावर येई आणि बाळूला गोलंदाजी करावयास लावी. आपणास बाद केल्यास दर वेळी आठ आणे देण्याचे त्याने बाळूला कबूल केले होते, अशी आख्यायिका आहे. ज्याचा महिन्याचा पगार चार रुपये, त्याला आठ आणे म्हणजे जवळजवळ चार दिवसांची मजुरी. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा नसो, त्या जाळीत बाळूने जे कमावले त्याची किंमत रुपयांत होणारी नव्हती. दररोज एका निष्णात फलंदाजासमोर तासन्‌तास चेंडू टाकावयाचे. तो कोठे चुकतो, कोणत्या चेंडूला पाय पुढे टाकतो, कोणत्या चेंडूला बिचकतो, हे डोळ्यांत तेल घालून पाहावयाचे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच चुकीवर पुन्हा बोट ठेवावयाचे. अशी शाळा त्याला दुसरीकडे कोठे लाभली असती?

या शाळेत एका विषयाला मात्र सक्त मनाई होती. शेकडो तास गोलंदाजी करूनही बाळूच्या हाती तेथे कोणी बॅट दिली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान. नोकराने चेंडू टाकावा आणि चेंडू आणून द्यावा. बाळू आधी गोलंदाज का झाला, याचे उत्तर यातच आहे.

त्याची गोलंदाजी संथ, डाव्या हाताची. क्रिकेटमध्ये वेगवान गोलंदाज बळाने बळी मिळवितो. संथ गोलंदाजाला ते बुद्धीने मिळवावे लागतात. चेंडू हवेत किती उंच सोडावा, टप्पा कोठे द्यावा, बोटांनी किती पीळ द्यावा आणि फलंदाजाला कळू न देता हे सर्व कसे बदलावे, यावर त्याचे यश अवलंबून असते. बाळूचा चेंडू टप्पा पडताच दोन्ही बाजूंना वळे. हात तोच, चाल तीच, पण एक चेंडू आत येई तर दुसरा बाहेर जाई. टप्प्यावरील त्याची हुकमत तर अशी की, वारंवार तो ठरलेल्या जागीच चेंडू टाकी. तासभर धीराने खेळलेला फलंदाजही अखेर उतावीळ होऊन पुढे धावे आणि तेथेच फसे.

पुण्यातील हिंदूंच्या क्लबाला या वेळी गोऱ्यांच्या संघावर मात करावयाची होती. बाळूची कीर्ती त्यांच्या कानी आली होती, परंतु त्याला संघात घ्यावे की नाही यावर मोठा खल झाला. कित्येक सभासदांना अस्पृश्य मानलेल्या माणसाबरोबर खेळणे मान्य नव्हते. अखेर जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा प्रबळ ठरली आणि बाळूला संघात प्रवेश मिळाला. पण कोठवर? मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावा, हे चाले. मैदानाबाहेर मात्र जातीची रेघ जशीच्या तशी होती. चहाच्या वेळी इतर खेळाडू आत बसून चिनी मातीच्या पेल्यांतून चहा घेत, तर बाळूला बाहेर मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. जेवणाचे ताट निराळे, बसण्याची जागा निराळी. तोंड धुवावयाचे झाले तरी पाणी त्याच्याच समाजातील नोकराने वेगळे आणून द्यावयाचे. ज्याच्या बोटांवर संघाचा जय अवलंबून, त्याने चहा बाहेर उभे राहून घ्यावा, यातील विसंगती त्या खेळाडूंपैकी फारच थोड्यांना जाणवली असावी.

एकदा हा संघ साताऱ्यास गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळावयास गेला. बाळूची फिरकी चालू नये म्हणून यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर रूळ फिरवून कठीण करवून घेतली होती, असे सांगतात. रूळ कसा फिरवितात आणि त्याने मातीचे काय होते, हे बाळूइतके कोणाला ठाऊक असणार! त्याने त्याही खेळपट्टीवर सात बळी घेतले आणि पुण्याचा संघ जिंकला. या विजयानंतर पुण्यात त्याचा सत्कार झाला. जो तुमच्याबरोबर खेळतो त्याच्याबरोबर तुम्ही चहापान व भोजनही केले पाहिजे, असे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी या खेळाडूंना बजावले. हळूहळू त्यांपैकी काहींनी तसे केलेही.

१८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले आणि पुढे तो पुण्यातही शिरला. या धामधुमीच्या काळात पालवणकर कुटुंब पुणे सोडून मुंबईस आले. बाळू काही काळ लष्करी पलटणीच्या संघातून खेळले. पुढे त्यांना बाँबे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत नोकरी मिळाली. मुंबईच्या हिंदू जिमखान्यातही पुण्याचाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. काही सभासदांनी विरोध केला. परंतु कर्णधार कीर्तिकर यांनी आग्रह धरून बाळूंना संघात घेतले. त्यानंतर जिमखान्याच्या विजयांची कमान चढत गेली आणि मग कोणी फारसा विरोध केला नाही. शिवरामही लवकरच त्या संघात आले.

१९०६ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. दिवस मोठे तापलेले होते. बंगालच्या फाळणीला काही महिनेच झाले होते, स्वदेशीची चळवळ देशभर पसरत होती आणि जपानसारख्या आशियाई राष्ट्राने बलाढ्य रशियाला नमविल्याची वार्ता ताजी होती. अशा वेळी राज्यकर्त्यांशी होणारा क्रिकेटचा सामनाही नुसता खेळ राहत नाही. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या, युरोपियनांनी १९१. दुसऱ्या डावात हिंदू १६० धावांत बाद झाले. विजयासाठी युरोपियनांना २१२ धावा हव्या होत्या. त्यांचा सारा डाव १०२ धावांतच आटोपला. बाळूंनी त्या डावात पाच बळी घेतले, पहिल्या डावात तीन घेतले होते. १०९ धावांनी मिळालेल्या या विजयाने मैदानाभोवती जमलेला प्रचंड समुदाय आनंदाने बेभान झाला. सुधारकांच्या वृत्तपत्रांना त्यात आणखी एक अर्थ दिसला. उच्चवर्णीय हिंदूंनी अस्पृश्य मानलेल्या बंधूंना आपल्यात घेतले, म्हणून हा जय मिळाला, असे त्यांनी लिहिले.

अशी पंधरा-वीस वर्षांची तपश्चर्या पाठीशी घेऊन बाळू १९११ मध्ये इंग्लंडला निघाले. संघाचे कर्णधार होते पतियाळाचे तरुण महाराज भूपिंदरसिंग. त्यांचे वय अवघे एकोणीस. संघात होर्मसजी कांगा हे पारशी डॉक्टर होते. मुंबईतील पावसाळी क्रिकेट स्पर्धेला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. बंगळूरचे जयराम, मद्रासचे यष्टिरक्षक शेषाचारी, रुस्तमजी मेहेरहोमजी, मुकुंदराव पै, शिवराम पालवणकर असे नावाजलेले खेळाडू होते. कागदावर हा संघ दुबळा नव्हता.

पण इंग्लंडात पाऊल ठेवताच अडचणींची मालिका सुरू झाली. महाराज राज्याभिषेकाच्या समारंभांत आणि मेजवान्यांत गुंतले. मोजके सामने खेळून त्यांनी मैदानाकडे पाठ फिरविली. त्यांचे चिटणीस केकी मिस्त्री हे संघातील उत्तम फलंदाज. धन्याबरोबर तेही गेले. थंड हवा, ओलसर खेळपट्ट्या, अपरिचित अन्न आणि सतत आगगाडीचा प्रवास यांनी खेळाडू हैराण झाले. सामने तीन-तीन दिवसांचे असत. एक सोमवारी सुरू होई, तर दुसरा गुरुवारी. रविवार तेवढा विसाव्याचा. केंब्रिज विद्यापीठ, लॉर्ड्‌स मैदानावरील मेरिलबोन क्लब, मग एकेक परगण्याचे बलाढ्य संघ. पराभवावर पराभव होऊ लागले.

या साऱ्या पडझडीत संघाचा एकच खांब ताठ उभा होता. सकाळी चेंडू हाती घ्यावा आणि तिसऱ्या प्रहरापर्यंत एका टोकाकडून टाकीत राहावे, हा बाळूंचा नित्यक्रम झाला. केंब्रिजविरुद्ध त्यांनी एकाच डावात १०३ धावांत आठ बळी मिळविले. उच्च दर्जाच्या सामन्यांतील ही त्यांची सर्वोत्तम कामगिरी. आपले फलंदाज लवकर बाद होत आणि विश्रांतीही पुरी होण्यापूर्वी बाळूंना पुन्हा मैदानात उतरावे लागे. दौऱ्याच्या उत्तरार्धात तर दुखऱ्या हाताने ते गोलंदाजी करीत होते. पराभूत संघाच्या गोलंदाजाचे काम जिंकणाऱ्या संघाच्या गोलंदाजाहून कठीण असते. त्याच्या पाठीशी धावांचा साठा नसतो. घेतलेला बळी सामना वाचवील अशी आशाही नसते. तरीही पुढचा चेंडू मागच्याइतकाच नेमका टाकावयाचा असतो.

अखेर जुलैत दैव थोडे फिरले. लीस्टरशायर या परगण्याचा हिंदी संघाने सात गडी राखून पराभव केला आणि त्या जयात बाळूंचा वाटा मोठा होता. पाठोपाठ सॉमरसेटविरुद्धचा सामना अगदी काट्यावर आला. शिवराम यांनी नाबाद शतक झळकाविले. ज्याच्या हाती पूना क्लबात कोणी बॅट दिली नव्हती, त्या थोरल्या भावानेही बॅट चालवून त्यांना मोलाची साथ दिली. अखेरची जोडी मैदानात असताना हिंदी संघाने तो सामना एका गड्याने जिंकला. परगणे व विद्यापीठे यांच्याशी झालेल्या उच्च दर्जाच्या चौदा सामन्यांत संघाला हे दोनच विजय मिळाले. याच चौदा सामन्यांत बाळूंचे बळी पंचाहत्तर, आणि प्रत्येक बळीमागे दिलेल्या धावा सुमारे वीस. सर्व सामने धरून एकशे चौदा बळी, सरासरी एकोणीस धावांहूनही कमी. इंग्लंडच्या जाणकारांनी त्यांची गणना त्या काळच्या श्रेष्ठ डावखुऱ्या गोलंदाजांत केली.

मुंबईस परतल्यावर अस्पृश्य समाजाने बाळूंचा जाहीर सत्कार केला. या प्रसंगी त्यांना अर्पण केलेले मानपत्र एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विशीतील विद्यार्थ्याने लिहिले होते, असे सांगितले जाते. तो विद्यार्थी म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर. ज्या समाजाला सार्वजनिक जीवनात कोठेही उभे राहू दिले जात नव्हते, त्यातील एका माणसाचे नाव सर्वतोमुखी झाले होते. तरुण भीमरावांना त्याचा केवढा अभिमान वाटला असेल, याची कल्पना करता येते.

इतके होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद बाळूंना मिळाले नाही. वर्षानुवर्षे संघाची भिस्त त्यांच्यावर, पण नाणेफेकीला जाणारा दुसरा. १९१३ साली कर्णधार झालेल्या मुकुंदराव पै यांनी तर आपल्या सत्काराच्या समारंभातच, हा मान वस्तुतः बाळूंचा होता, असे मोकळेपणाने बोलून दाखविले. असा मोठेपणा थोड्यांच्याच ठायी असतो. पुढे १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळण्यात आले आणि विठ्ठल यांचा अधिकार डावलून कर्णधारपद दुसऱ्याकडे गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल हे दोघे भाऊ निषेध म्हणून संघाबाहेर राहिले. वृत्तपत्रांतून व सभांतून मोठी चर्चा झाली. परिणामी अंतिम सामन्यासाठी तिघेही परत आले, बाळूंना उपकर्णधार नेमण्यात आले, आणि पै काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेल्यामुळे चौव्वेचाळीस वर्षांच्या बाळूंनी थोडा वेळ संघाचे नेतृत्व केले. मान मिळाला तो असा, उसना. तथापि त्यानंतर तीनच वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठल पालवणकर हे हिंदू संघाचे रीतसर कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने चौरंगी सामने जिंकले. प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेऊन मिरविले.

उच्च दर्जाच्या तेहेतीस सामन्यांत बाळूंनी एकूण १७९ बळी घेतले. सरासरी पंधरा धावांची. यांतील बहुतेक सामने त्यांचे तारुण्य ओसरू लागल्यावरचे आहेत, हे हा आकडा वाचताना ध्यानात ठेवले पाहिजे.

मैदान सोडल्यावर बाळू सार्वजनिक कार्यात पडले. अस्पृश्यता नाहीशी व्हावी, ही तळमळ त्यांना होतीच. मार्गाविषयी मात्र त्यांचे व डॉ. आंबेडकरांचे मतभेद होत गेले. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ असावेत, असे आंबेडकरांचे म्हणणे होते. हिंदू समाजापासून असे वेगळे होणे बाळूंना पसंत नव्हते. गांधीजींच्या प्रयत्नांवर त्यांचा भरवसा होता. १९३२ च्या सप्टेंबरात गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात उपोषण आरंभिले, तेव्हा झालेल्या वाटाघाटींत बाळूंनी भाग घेतला. त्यातून निघालेल्या पुणे करारावर सह्या करणारांत डॉ. आंबेडकरांप्रमाणे पी. बाळू हेही नाव आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत हे दोघे मुंबईत समोरासमोर उभे राहिले. आंबेडकर त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे, तर बाळू काँग्रेसतर्फे. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली आणि बाळूंना ११,२२५. छब्बीस वर्षांपूर्वी ज्याने मानपत्र लिहिले, त्याच्याकडूनच हा पराभव झाला. दोघांचेही समाजबांधव दोन बाजूंना विभागले गेले होते, आणि दोन्ही बाजूंना उदंड निष्ठा होती.

१९४८ साली विठ्ठल पालवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र प्रसिद्ध केले. या भावांच्या हकिगतीचा पुष्कळसा भाग त्यामुळेच टिकून राहिला. बाळू ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत निवर्तले. सांताक्रूझ येथे त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी अनेक क्रिकेटपटू आणि दलित समाजाचे पुढारी उपस्थित होते.